पाला, काटा आणि कारखाना

चहाचा मळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. धुक्यातली डोंगरउतरण, पाठीवर टोपल्या बांधलेल्या बाया, मधोमध व्हरांड्याचा बंगला आणि बंगल्यात साहेब. साहेब गेला, मालक बदलले, तरी चहाच्या पुड्यांवर हेच चित्र अजून छापलं जातं. प्रत्यक्षात भारतात तयार होणाऱ्या चहापैकी निम्म्याहून जास्त चहाचा पाला आता या मोठ्या मळ्यांतून येत नाही, छोट्या शेतकऱ्यांच्या वावरातून येतो.

ही वावरं पाहायची तर वरच्या आसामात जावं. दिब्रुगढ, तिनसुकिया, शिवसागर, जोरहाट, गोलाघाट या जिल्ह्यांत जमीन जवळपास सपाट आहे. घरामागे सुपारीची झाडं, बांबूचं बेट, एखादं तळं, आणि त्याला लागूनच कमरेएवढ्या उंचीवर छाटलेला चार-पाच बिघे चहा. आसामी बिघा म्हणजे एकराचा साधारण तिसरा हिस्सा. चहा मंडळाच्या व्याख्येप्रमाणे १०.१२ हेक्टर, म्हणजे २५ एकरांपर्यंतचा शेतकरी ‘छोटा उत्पादक’ ठरतो, पण ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. बहुतेकांकडे एक हेक्टरही नसतो.

हे लोक चहात आले कसे? आसाम कंपनी १८३९ मध्ये निघाली आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं सगळे धरून चालले की चहा हे कंपनीचं पीक आहे. शेकडो हेक्टर जमीन, स्वतःचा कारखाना आणि दूरवरून आणलेले मजूर असतील त्यानेच या धंद्यात पडावं. १९७८ मध्ये आसामात गोलाप बरबरा यांचं सरकार आलं. त्यांचे कृषिमंत्री सोनेश्वर बोरा यांनी जाहीरपणे वेगळं सांगायला सुरुवात केली: गावातल्या शेतकऱ्याने, बेकार तरुणाने आपल्या उंचवट्याच्या जमिनीत चहा लावावा. मोठ्या मळेवाल्यांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. गोलाघाट आणि आसपासच्या भागात काहींनी मात्र ती मनावर घेतली, आणि नव्वदच्या दशकात चहाला भाव आला तेव्हा लागवड पसरत गेली. आज एकट्या आसामात असे लाखाहून जास्त शेतकरी आहेत.

या शेतकऱ्यांविषयी कृषी विस्ताराच्या अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘नवं तंत्रज्ञान स्वीकारण्यात ते मागे आहेत.’ हे वाक्य किती खरं आहे, ते तपासून पाहू.

सुरुवात रोपापासून करू. चहाच्या झुडपात परपरागीकरण होतं, त्यामुळे बी लावून वाढवलेल्या जुन्या मळ्यात शेजारशेजारची दोन झुडपंही सारखी नसतात. एक भरभरून फुटतं, दुसरं रडतं. जोरहाटजवळ टोकलाईला १९११ पासून चहाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी उत्तम झुडपं निवडून त्यांची हुबेहूब रोपं तयार करायचा मार्ग बसवला आणि १९४९ मध्ये टीव्ही-१ हा पहिल्या क्लोनांपैकी एक बाहेर आला. पद्धत अगदी साधी आहे. निरोगी फांदीचा एका पेराएवढा तुकडा तिरका कापायचा, त्याला एकच पान ठेवायचं, मातीने भरलेल्या पॉलिथिनच्या नळीत खोचायचा आणि सावलीच्या मांडवाखाली ओल सांभाळत ठेवायचा. आठ-दहा महिन्यांत रोप लावणीला येतं.

मोठ्या मळ्यांना हे तंत्र माहीत होतं, पण त्यांची झुडपं आधीच जमिनीत होती, काही तर पन्नास वर्षांची. जुनं उपटायचं, जमिनीला विसावा द्यायचा, नवं लावायचं आणि ते भरात येईपर्यंत वाट पाहायची, एवढी वर्षं त्या तुकड्यातून उत्पन्न नाही. त्यामुळे मालक चालढकल करत राहिले. छोट्या शेतकऱ्याला उपटायला जुनं काही नव्हतंच. त्याने कोऱ्या जमिनीत थेट क्लोन लावले. टीव्ही-२३, एस३ए३, तीनअली-१७ ही नावं, आपल्याकडे ऊसवाला ८६०३२ म्हणतो तितक्या सहजपणे, गावोगाव बोलली जाऊ लागली. कोणी शेतकरी घरामागेच रोपवाटिका काढून शेजाऱ्यांना रोपं विकू लागला. शाळा नाही, शिबिर नाही, अनुदानाचा अर्ज नाही. एका पिढीत अख्ख्या पट्ट्याने चहातलं सर्वांत महत्त्वाचं तंत्र उचललं. एकरी उताऱ्यात या शेतकऱ्यांनी कित्येक जुन्या मळ्यांना मागे टाकलं.

यात एक गोमही आहे. शास्त्रज्ञ सांगतात की सगळं रान एकाच क्लोनने भरू नका; उताऱ्याचे, चवीचे, अवर्षण सोसणारे असे मिसळून लावा. शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी वजन देणारे तेवढे निवडले. असं का, याचं उत्तर शेतात मिळत नाही. त्यासाठी कारखान्याच्या फाटकापर्यंत जावं लागतं.

त्याआधी अमेरिकेतल्या मक्याची एक गोष्ट. नव्या तंत्राचा प्रसार कसा होतो याच्या अभ्यासाचा पाया ज्या पाहणीने घातला ती आयोवा राज्यातली होती. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं की संकरित मका त्यांनी कधी आणि कोणाचं ऐकून लावला. त्यांचा निबंध १९४३ मध्ये आला. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात अशा अनेक अभ्यासांवरून माणसांचे गट पाडले: आघाडीवरचे, लवकर उचलणारे, बहुसंख्य, आणि शेवटी ‘मागे रेंगाळणारे’. ही विभागणी कृषी महाविद्यालयांत अजून शिकवतात. माझी तिच्याविषयीची तक्रार एवढीच की ती मक्याला बेतून केलेली आहे. मक्याचं नवं बियाणं एका कोपऱ्यात लावून पाहता येतं. नाही जमलं तर पुढच्या हंगामात जुनं. चहाचं झुडूप एकदा लावलं की तीन वर्षांनी हाताशी येतं आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं तिथंच उभं राहतं. चुकलं तर ती चूक मुलाच्या वाट्यालाही येते. अशा पिकात थांबून पाहणाऱ्याला रेंगाळणारा म्हणणं अन्यायाचं आहे.

आता फाटकापाशी येऊ. चहाचा पाला खुडल्यापासून काही तासांत कारखान्यात पोहोचावा लागतो. पोत्यात दाबून राहिला तर आतून तापतो, लाल पडतो आणि वाया जातो. छोट्या शेतकऱ्याकडे कारखाना नसतो. तो पाला विकतो ‘बॉट लीफ’ कारखान्याला, म्हणजे ज्याचा स्वतःचा मळा नाही आणि जो विकतच्या पाल्यावर चालतो अशा कारखान्याला. बरेचदा मध्ये पाला-दलाल असतो. तो सायकलवर, टेम्पोत गोणी गोळा करत फिरतो, दहा घरांचा पाला एका गाडीत टाकतो. फाटकावर गाडीचं वजन होतं. पावसाळ्यात पाल्यावर पाणी असतं म्हणून काही टक्के कापले जातात, गोणीचे वेगळे कापले जातात. मग कारखान्याचा माणूस ढिगातून मूठभर पाला उचलतो आणि फळीवर पसरतो. कोवळी कळी आणि तिच्याखालची दोन पानं एकीकडे. तिसरं-चौथं जून पान, दांडा आणि ‘बांझी’, म्हणजे फुटायचं थांबलेला शेंडा, दुसरीकडे. त्या मुठीवरून साऱ्या गाडीचा दर ठरतो.

कोवळा आणि जून पाला वेगळा करायचं काम खरं तर झुडपापाशीच होतं. पावसाळ्यात दर सात दिवसांनी खुडणी केली तर दोन पानं आणि कळी मिळते. दहा-बारा दिवस थांबलं की वजन वाढतं आणि पाला जरड होतो. सात दिवसांची फेरी हेही एक तंत्रज्ञानच आहे, तेही फुकटातलं. तरी हजारो शेतकरी ती पाळत नाहीत. चहा मंडळाची पत्रकं, संशोधन केंद्राची व्याख्यानं, सगळं होऊनही पाळत नाहीत.

आता त्यांचा हिशोब बघा. सरकारी सूत्राप्रमाणे तयार चहाच्या लिलावातल्या सरासरी भावाचा ६५ टक्के वाटा पालेवाल्याचा आणि ३५ टक्के कारखान्याचा. एक किलो चहाला सुमारे साडेचार किलो ओला पाला लागतो. लिलावात सरासरी २०० रुपये भाव धरला तर १३० रुपये पालेवाल्याचे, म्हणजे ओल्या पाल्याला किलोमागे २९ रुपयांच्या आसपास. हा झाला कागदावरचा दर. हंगामाच्या भरात पाला ऊतू जातो आणि कारखान्यांसमोर रांगा लागतात, तेव्हा हातात येणारा दर याहून बराच खाली असतो. शिवाय दलालाच्या गाडीत माझा कोवळा पाला आणि शेजाऱ्याचा जरड पाला एकत्र पडतात आणि दोघांना एकच दर मिळतो. मग मी सात दिवसांची फेरी कशाला पाळू? मजूर किलोवर पैसे घेतो, कारखाना किलोवर पैसे देतो. कोवळेपणाचा हिशोब कोणाच्याच वहीत नाही. वजन देणारा क्लोन का निवडला गेला, याचंही उत्तर इथंच मिळतं.

ऊस पिकवणाऱ्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तोडलेला ऊस थांबत नाही, कारखान्याचा काटा आपला नसतो आणि काटामारीचा संशय गावात कायमच असतो. फरक इतका की ऊस वर्षातून एकदा तुटतो, तर चहा मार्च ते नोव्हेंबर अखेरपर्यंत दर आठवड्याला त्याच काट्यावर जातो.

आपलाही यात थोडा हात आहे. दूध-साखर घालून उकळलेला कडक चहा ज्या दाण्याने बनतो तो सीटीसी. कापणं, फाडणं, वळणं या तीन क्रिया करणारं ते यंत्र विल्यम मॅकरचर यांनी १९३० च्या सुमारास आसामातच बसवलं. टपरीवरच्या पातेल्यात लागतो रंग आणि कडकपणा, आणि हे यंत्र जरा जरड पाल्यातूनही तो काढून देतं. स्वस्त भुकटीला मुंबई-पुण्यापासून गावच्या स्टँडपर्यंत गिऱ्हाईक आहे, तोवर जरड पाल्यालाही गिऱ्हाईक आहे.

मग आली कात्री. खुडणीला माणसं मिळेनात, तरुण पोरं शहरांकडे गेली, आणि चहाच्या झुडपावर मोठ्या कात्रीसारखं हत्यार फिरू लागलं. तिला पुढे जाळी किंवा डबा असतो, कापलेला पाला त्यात पडतो. हाताने खुडणारी बाई दिवसाला साधारण २०-२५ किलो पाला काढते, कात्रीने त्याच्या दुप्पट किंवा अधिकही निघतो. त्यापुढे पेट्रोलवर चालणारं, दोघांनी झुडपांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी धरून न्यायचं यंत्र, ज्यात जपान कित्येक दशकं पुढे आहे. कात्री कोवळं-जून पाहत नाही, सरसकट कापते. जपानमध्ये हे चालतं, कारण तिथं ओळी आखून, झुडपांचा माथा एकसारखा गोलाकार राखून, फुटव्याचा दिवस पाहून यंत्र फिरवतात. आसामातल्या शेतकऱ्याने नुसती कात्री घेतली. बाकीचं घ्यायला त्याला कारण नव्हतं, कारण काट्यावर फरक पडत नव्हता.

कात्री नि यंत्र यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू केनियात दिसली. तिथल्या केरिचो भागात बड्या कंपन्यांच्या मळ्यांनी खुडणीची यंत्रं आणली. एक यंत्र कित्येक मजुरांचं काम करतं. मे २०२३ मध्ये लोकांनी मळ्यावर चाल करून यंत्रं पेटवून दिली. त्या संघर्षात एका आंदोलकाचा जीवही गेला. आसामच्या पाच बिघ्यांत असं होत नाही, कारण तिथं मजूर आणि मालक बरेचदा एकाच घरात असतात. घरातलीच बाई खुडत असेल तर कात्रीने तिची पाठ वाचते. ‘गुणवत्ता घसरते’ असं म्हणून कात्रीला नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस टोपली बांधून पाहावी.

एक तंत्रज्ञान मात्र गरजेपेक्षा जास्त झपाट्याने पसरलं: कीटकनाशक. चहावरचा ढेकण्या, ज्याला चहातले लोक ‘टी मॉस्किटो बग’ म्हणतात, कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसतो. पानावर तपकिरी ठिपके पडतात आणि शेंडा करपतो. लाल कोळी, पानं खाणाऱ्या अळ्या, सगळे पाऊस-ऊन पाहून हजर होतात. शेतकरी दुकानात जातो. सल्ला देणारा दुकानदार, औषध विकणारा दुकानदार, उधारी देणाराही तोच. फवारणीनंतर निदान आठवडाभर खुडू नये असा नियम आणि सात दिवसांनी खुडावं हा दुसरा नियम. दोन्ही पाळायचे तर फवारणी खुडणीच्या दिवशी संध्याकाळीच उरकायला हवी. नेमका त्याच दिवशी पाऊस आला की सगळं गणित कोसळतं.

चहा मंडळाने वनस्पती संरक्षण संहिता काढली, कोणती रसायनं चालतील याची यादी दिली, वीस कीटकनाशकांवर बंदी आली. २०२४ मध्ये तपासणी कडक झाली आणि नमुने नापास होऊ लागले. चहात अंश सापडला की खटला कारखान्यावर, कारण पाकिटावर नाव त्याचं. आसामातल्या बॉट लीफ कारखानदारांच्या संघटनेने इशारा दिला की १ जूनपासून छोट्या शेतकऱ्यांचा पाला घेणार नाही. ऐन हंगामात लाखभर घरांचं उत्पन्न टांगणीला लागलं. मग बैठका, मध्यस्थी, आश्वासनं. दहा घरांचा पाला एका गाडीत ओतल्यावर औषध कोणाच्या रानातून आलं हे शोधायचं कसं, हा साधा प्रश्न त्या गोंधळात पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. गाडीत पाला मिसळण्याची पद्धत इतकी वर्षं सगळ्यांच्या सोयीची होती. या वेळी ती सगळ्यांच्याच गळ्याशी आली.

केनियातल्या छोट्या शेतकऱ्याची कथा याच्या उलट्या टोकाने सुरू होते. तिथं वसाहतीच्या काळात आफ्रिकी शेतकऱ्याला चहा लावायची मोकळीकच नव्हती. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर दार किलकिलं झालं. १९५७ मध्ये रागाती इथं छोट्या शेतकऱ्यांच्या पाल्यासाठी पहिला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये केनिया टी डेव्हलपमेंट ऑथॉरिटी, म्हणजे केटीडीए, स्थापन झाली. आता ती कंपनी आहे आणि कारखान्यांचे भागधारक शेतकरीच आहेत. गावाजवळच्या संकलन केंद्रावर पाला आधी निवडला जातो. जरड पाला तिथंच, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत बाजूला काढतात. मग वजन, आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर, छापील पावतीसह. महिन्याला पहिला हप्ता आणि वर्षाअखेरीस चहा किती भावाने विकला त्यावर दुसरा, ज्याला तिथले लोक ‘बोनस’ म्हणतात. चांगल्या पाल्याचे पैसे उशिरा का होईना, परत येतात. मोंबासाच्या लिलावात रिफ्ट खोऱ्याच्या पूर्वेकडच्या कारखान्यांचा चहा जास्त भावाने जातो आणि त्या बाजूच्या शेतकऱ्याचा बोनसही मोठा असतो.

खताचंही तसंच. केटीडीए एनपीके २६:५:५ हे चहाचं खत घाऊक मागवते, पोती केंद्रावर पोहोचवते आणि पैसे पाल्याच्या बिलातून कापते. शेतकऱ्याला दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागत नाही. २००६ पासून तिथं शेतशाळा सुरू झाल्या. ही कल्पना इंडोनेशियातल्या भातशेतकऱ्यांकडून १९८९ मध्ये निघाली होती: वीस-तीस शेजाऱ्यांनी एका रानात जमायचं, एक ओळ एका पद्धतीने आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीने खुडायची आणि फरक स्वतः मोजायचा. सात दिवसांची फेरी इथं भाषणाशिवाय पटली.

म्हणून केनियाला आदर्श ठरवून मोकळं होता येत नाही. केरिचोच्या संशोधन केंद्राने सुमारे पंचवीस वर्षं खपून जांभळ्या पानांचा क्लोन काढला, टीआरएफके ३०६. २०११ मध्ये तो शेतकऱ्यांना दिला. पानात अँथोसायनिन भरपूर, औषधी गुणांचा गाजावाजा, भाव कित्येक पट मिळेल अशी हवा. शेतकऱ्यांनी लावला. पाला आला तेव्हा कळलं की त्यावर वेगळी प्रक्रिया करणारे कारखाने जवळजवळ नाहीत. बहुतेकांचा जांभळा पाला हिरव्यात मिसळून हिरव्याच्याच दराने गेला आणि काहींनी तो क्लोन उपटून टाकला. नवं उचलण्यात शेतकऱ्याने कसूर केली नव्हती. जुलै २०२१ मध्ये लिलावाला सरकारने किलोला २.४३ डॉलरचा किमान भाव लावला, तर गिऱ्हाईक मागे सरलं आणि गोदामांत माल साचला. काटा शेतकऱ्याचा असला तरी बाजार त्याच्या हातात नसतो.

आसामात अलीकडे काही शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली आहे. चहा मंडळाच्या नियमांत दिवसाला ५०० किलोपर्यंत चहा बनवणाऱ्या छोट्या कारखान्याची तरतूद आहे. काही जण त्यातून, तर काही जण घरच्या कढईत आणि हाताच्या वळणीने ऑर्थोडॉक्स किंवा हिरवा चहा बनवून थेट पाकिटात विकतात. अशा घरांत सात दिवसांची फेरी कोणी शिकवावी लागत नाही. जरड पान आपल्याच पातेल्यात जाणार असतं. पण हे थोडक्या घरांना जमतं. वीज, पाकीट, परवाना, ओळखीचं गिऱ्हाईक, सगळं जुळवायला हवं.

बाकीच्यांपुढे सध्या जे नवं तंत्र येऊन उभं आहे ते शेतातलं नाहीच. पाल्याचा फोटो काढून त्यात कोवळी पानं किती टक्के हे सांगणारी यंत्रं, मोबाइलवरचं ॲप, क्यूआर कोड असलेलं शेतकऱ्याचं ओळखपत्र. हे बसवणं अवघड नाही. पण यंत्र कारखान्याच्या फाटकात बसलं तर तो आकडा पालेवाल्याला लेखी मिळणार का, दहा घरांचा पाला गाडीत चढण्याआधी प्रत्येकाचा फोटो वेगळा निघणार का, आणि आकडा चांगला आला तर दर त्याच दिवशी वाढणार का, हे तीन प्रश्न यंत्र विकायला येणाऱ्याला गावात आधी विचारले जातील.